अठरा पावलांवर बाक

तिला घरात ओळंबा म्हणत. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. लहानपणी ती उंच, काटकुळी आणि चालायची अशी ताठ, की बाबा म्हणायचे, "हिला दोरीला बांधून भिंतीला लावा. भिंत वाकडी असेल तर लगेच कळेल."

बाबा फरशी बसवायचे. तीस वर्षं लोकांच्या घरांतून गुडघ्यांवर चालले. ओळंब्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी साइटवर सगळ्यांना सांगितलं, पोरगी इंजिनियर होणार.

"इंजिनियर नाही हो बाबा, आर्किटेक्ट."

"तेच ते. जो उभा राहून बोट दाखवतो, तो."

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात डिझाइनच्या मॅडमनी पहिलं खरं काम दिलं. ओळखीच्या एका माणसासाठी घर. माणूस खरा हवा, त्याला प्रश्न विचारायचे, त्याच्या सवयी टिपायच्या आणि त्यावरून घर काढायचं. कुणी चित्रकार मामा निवडला, कुणी शेजारचे निवृत्त वैमानिक, एकाने तर कुठून तरी जादूगार शोधून आणला. ओळंब्याने बाबांना निवडलं.

"बाबा, तुम्हाला कसं घर हवं?"

बाबा पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होते. "ज्याच्या बाथरूमचं पाणी दाराकडे येत नाही, असं."

"हे काय उत्तर झालं? तुम्हाला काय बघायला आवडतं, सकाळी कुठे बसावंसं वाटतं, ते सांगा ना."

"सकाळी मी कुठे बसतो? सकाळी मी कामाला जातो."

आई आतून म्हणाली, "त्यांना कुठे विचारतेस? त्यांनी आयुष्यात फरशीच्या वर काही पाहिलंय का?" आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायची. दोघं एकमेकांच्या कामाची अशी थट्टा करत. तेवढाच त्यांचा विरंगुळा.

पण प्रश्न बाबांच्या डोक्यात राहिला असावा. तिसऱ्या दिवशी जेवताना ते एकदम म्हणाले, "दाराशी बसायला काहीतरी कर. बूट काढताना मला भिंत धरावी लागते. आणि पलंगाजवळची खिडकी खाली घे. पडल्या पडल्या बाहेरचं दिसायला पाहिजे. मागे एका आजारी बाईच्या खोलीत फरशी बसवली. चार दिवस ती बिचारी छताकडेच बघत होती."

ओळंब्याने तसंच घर काढलं. दोन खोल्या, दाराशी बाक, खाली घेतलेली खिडकी. कागद बाबांपुढे पसरला. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा, मग प्लॅनवर बोट ठेवून दारातून आत शिरले. बोट स्वयंपाकघरात फिरलं, मागच्या खोलीत गेलं आणि बाथरूमच्या दाराशी अडलं.

"हे दार आत उघडलं की कमोडवर आपटतं. आत गेलेल्या माणसाने काय करायचं, कमोडवर चढून दार लावायचं?"

आई हसून हसून बेजार झाली. ओळंब्याने दार फिरवलं. कामं तपासायला बसलेल्या ज्युरीत बाहेरून आलेले गृहस्थ म्हणाले, घर फार साधं आहे, यात कल्पना कुठे आहे? मॅडम मात्र बाकाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि त्यांनी मार्क बरे दिले.

त्या वेळी बाबांना खोकला होताच. फरशीच्या धंद्यात खोकला कुणाला नसतो? बंद खोलीत मशीनने फरशी कापायची. पांढरी धूळ अशी उडायची की समोरचा माणूस दिसू नये. तोंडाला रुमाल, बास. आई वर्षानुवर्षं सांगत होती, कापताना पाणी सोडा. बाबा म्हणायचे, पाणी सोडलं की चिखल होतो आणि चिखल झाला की मालक बोंबलतो.

दुसऱ्या वर्षी ओळंब्याला वीस घरांची वस्ती काढायची होती. त्या वर्षी बाबा घरी येताना दुसऱ्या मजल्यावर थांबू लागले. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. अडुसष्ट पायऱ्या होत्या. आधी ते दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांशी गप्पा मारत. मग शेजारी बाहेर नसले तरी थांबू लागले. मग पहिल्याच मजल्यावर.

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. म्हणाले, धुळीने फुप्फुसं कडक झाली आहेत. गेलेला भाग परत येत नाही, उरलेला सांभाळायचा. काम आजपासून बंद.

जिना चढताना बाबा तीनदा बसले. घरी आल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या फरशीचे सांधे भरले. आता आपले आतले बुजले." आई म्हणाली, "गप्प बसा." थट्टेला तिने थट्टेने उत्तर दिलं नाही, असं ओळंब्याने पहिल्यांदाच पाहिलं.

तिसऱ्या वर्षी ओळंबा वर्गात पुढे आली. घरं संपली, आता सार्वजनिक इमारती. विषय होता बागेतलं वाचनालय. तिने इमारत जमिनीपासून उचलली आणि पुढे रुंदच्या रुंद पायऱ्या सोडल्या. एकवीस पायऱ्या. लोक त्यांवर बसतील, वाचतील, एकमेकांची वाट बघतील. मॅडमनी कच्चं चित्र बघितलं आणि सगळ्या वर्गाला बोलावून दाखवलं. इतकं कौतुक ओळंब्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ती आठवडाभर जमिनीवरून चालत नव्हती.

मॉडेल तिने घरी बनवलं, कारण घरी आता मदतनीस होता. बाबा दिवसभर रिकामे. हातात मात्र तीस वर्षांची सफाई. जाड पुठ्ठा ते असा कापायचे की कडेला एक धागा सुटत नसे. एकवीसच्या एकवीस पायऱ्या त्यांनीच कापल्या, त्यांनीच चिकटवल्या. प्रत्येक पायरीवर एक डोळा मिटून बघायचे आणि नखाने केसभर सरकवायचे. दोन पायऱ्या झाल्या की हात खाली ठेवून श्वास घ्यायचे.

शेवटची पायरी लावून ते मागे टेकले. "छान झालंय. तू वर जा आणि पुस्तक घेऊन ये. मी खाली थांबतो."

ते टोमणा मारत नव्हते. बागेत मुलीबरोबर गेलो तर काय करू, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. ओळंब्याच्या मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

"मागच्या बाजूला रॅम्प आहे, बाबा."

"मागे?" बाबांनी मॉडेल फिरवून बघितलं. कचऱ्याच्या डब्यांशेजारून एक अरुंद चढ वर गेला होता. "कामाला गेलो की मागच्याच दाराने जायचो. वाचायला तरी पुढून गेलो असतो."

"प्रत्येक गोष्ट तुमच्यासाठी नसते हो बाबा!" ती ओरडली. "पहिल्या वर्षाला तुमच्यासाठी घर केलं ना? परवा माझी ज्युरी आहे. आता मी काय सगळं मोडू?"

"मोडू नकोस," बाबा घाईघाईने म्हणाले. "मोडायचं कशाला? मी आपलं बोललो."

तिने काही मोडलं नाही. वाचनालयाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले.

वर्षाअखेरीला कॉलेजात प्रदर्शन असायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात मुलांची कामं मांडत. लिफ्ट तिथेही नव्हती. ओळंब्याचं मॉडेल मधोमध ठेवलं होतं. बाबांना ते तिथे ठेवलेलं बघायचं होतं. आईने साफ नाही म्हणून सांगितलं. ओळंबा म्हणाली, "मी फोटो काढून आणते ना." बाबा बरं म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी आई कामावर गेली आणि बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. अडुसष्ट पायऱ्या उतरले. बस पकडली. कॉलेजच्या दाराशी पोहोचून त्यांनी मुलीला फोन केला.

त्या वेळी एक नामांकित आर्किटेक्ट तिच्या मॉडेलपुढे उभे होते आणि प्रश्न विचारत होते. सगळा वर्ग बघत होता. तिने फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग टेबलाखाली हात धरून पटकन लिहिलं, 'वर या. तिसरा मजला.' आणि फोन खिशात टाकला.

बाबा खाली आहेत, हे ती विसरली. यापेक्षा सौम्य शब्द तिला पुढेही कधी सापडला नाही. पाहुणे गेल्यावर दुसरे आले, मॅडमनी कुणाशी तरी ओळख करून दिली, मैत्रिणींनी फोटो काढले. पाऊण तासाने तिने सहज दाराकडे बघितलं तर चौकटीला धरून बाबा उभे होते. चेहरा राखेसारखा. शर्ट पाठीला चिकटलेला. ओठ निळसर. तिला निघालेलं बघून त्यांनी तळहात वर केला. चालू दे तुझं, मी ठीक आहे.

दालनात एकही खुर्ची नव्हती. बाबा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. समोर मॉडेल होतं. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मग म्हणाले, "पायऱ्या सरळ बसल्यात."

तिथूनच त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. अकरा दिवस नाकात नळी होती. घरी सोडलं तेव्हा शेजारच्या चौघांनी त्यांना खुर्चीवर बसवून वर चढवलं. बाबा सगळ्यांना म्हणत होते, "नवरदेवाची वरात निघाली, बाजूला व्हा." लोक हसत होते. ओळंबा मागून ऑक्सिजनचं मशीन घेऊन चढत होती. तिला हसू येईना, रडूही येईना.

डॉक्टर तिला म्हणाले, हे होणारच होतं, आज नाही तर चार महिन्यांनी. आईनेही कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पण आई बोलली असती तर बरं झालं असतं, असं ओळंब्याला वाटायचं. निदान भांडता आलं असतं.

चौथ्या वर्षाचा विषय होता बसस्थानक आणि त्याच्या पुढचा चौक. मोठा विषय. सगळी मुलं कामाला लागली. ओळंबा कोऱ्या कागदापुढे बसून राहायची. तिला रेघ ओढायचीच भीती वाटायला लागली होती. रेघ ओढली की कुणीतरी तिच्या पलीकडे अडकणार, असं काहीतरी. मॅडमनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा रागावल्या.

घरी मशीन दिवसरात्र घुरघुरत असे. त्याची नळी सात मीटर लांब. पलंगापासून नळी जिथवर पोहोचेल तिथवर बाबांचं घर. स्वयंपाकघराचा उंबरा आत येत होता, ओटा बाहेर राहत होता. बाथरूमपर्यंत जेमतेम पुरे. गॅलरी अर्धी. एका दुपारी ओळंब्याने नुसतंच करायचं म्हणून घराचा प्लॅन काढला आणि त्यावर कंपासने सात मीटरचं वर्तुळ मारलं. बाबा पलंगावरून बघत होते.

"हे काय?"

"तुमचं घर."

बाबांनी कागद हातात घेतला. या वेळी उलटा धरला नाही. "गॅलरीचा कोपरा तू जास्त दाखवलास. तिथवर नळी नाही पुरत. रोज सकाळी जाऊन बघतो मी."

तिने कोपरा खोडला. मग एकदम म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्हाला माझा राग आला होता का?"

आई कामावर होती. घरात दोघंच. बाबांनी थोडा वेळ घेतला. बोलायला आता त्यांना वेळ लागतच असे.

"आला होता," ते म्हणाले. "पहिल्या मजल्यावर आला. म्हटलं, कार्टीला खाली यायला काय झालं? दुसऱ्या मजल्यावर राग करायला दम उरला नाही."

ओळंबा खळखळून हसली आणि हसता हसता तिचा हुंदका फुटला. बाबांनी तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवायला पलंगावरून उठावं लागलं असतं. ते उठले नाहीत, नुसते तिच्याकडे बघत राहिले.

"आणि ऐक," ती शांत झाल्यावर ते म्हणाले, "मला यायचं होतं म्हणून मी आलो. सगळं श्रेय तू घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी बसस्थानक काढायला घेतलं. ओळंबा जमिनीवर खडूने खुणा करायची, बाबा नळी सांभाळत चालायचे.

"किती चालून बसावंसं वाटतं?"

बाबा खिडकीपासून निघाले, दारापर्यंत गेले, परत फिरले. "अठरा पावलं. आजची अठरा. उद्याचं उद्या बघू."

अठरा पावलं म्हणजे आठ मीटर. तिने चौकात दर आठ मीटरवर बाक काढला. मग बाबांचे आक्षेप सुरू झाले. बाकाला हात हवेत, नाहीतर उठायचं कशाला धरून? बाक फार खोल नको, माणूस आत रुततो. बाकावर बसल्यावर येणारी बस समोर दिसायला हवी. पाठमोरं बसलं की बस आल्यावर धावावं लागतं, आणि धावता येत असतं तर बसलो कशाला असतो? पाण्याचा नळ बाकाशेजारी. फरशी खडबडीत, पण सांधे बारीक, म्हणजे काठी अडकणार नाही. उतार पावसाळी गटाराकडे, बाकाकडे नाही.

"उतार किती देतेस?"

"शंभराला एक."

"दीड दे. शंभराला एक कागदावर वाहतं. जमिनीवर पाणी साचतं."

मॅडम एकदा घरीच आल्या. चार मजले चढून धापा टाकत दारात उभ्या राहिल्या. बाबा त्यांना म्हणाले, "बसा, बसा. ओळंब्या, बाईंना माझी नळी दे." मॅडम आधी गोंधळल्या, मग हसल्या. तासभर बसून त्यांनी सगळे कागद बघितले. निघताना जिन्यात ओळंब्याला म्हणाल्या, "तुझ्याकडे जे शिकायला मिळतंय ते आम्हाला शिकवता येत नाही. पण ज्युरीत हे समजावून सांगावं लागेल तुला. नुसतं मांडून भागणार नाही."

ज्युरी तीन आठवड्यांवर आली तेव्हा अठराची बारा पावलं झाली होती, बाराची पाच. मग बाबा चालेनासेच झाले. तरी आडवे पडून विचारत, "आज कुठे आलीस?" ती सांगे, "चौकीदाराच्या खोलीशी." ते म्हणत, "त्याला स्टूल दे. चौकीदाराला कुणी स्टूल देत नाही."

एका मंगळवारी दुपारी ती पलंगाशेजारी जमिनीवर बसून शाई भरत होती. छपराचा लांब उभा छेद होता, एकसारखी रेघ ओढायची होती, हात उचलायचा नव्हता. रेघ संपली. तिने पेन खाली ठेवलं. मशीन घुरघुरत होतं. त्या आवाजाखाली बाबांच्या श्वासाचा एक बारीक आवाज असायचा, शिट्टीसारखा. तो ऐकू येत नव्हता. ती ऐकत बसली. मग उठली.

तिने आईला लाँड्रीत फोन केला. यंत्रांच्या आवाजात आईला ऐकू जाईना. ओळंब्याला ते वाक्य तीनदा म्हणावं लागलं.

संध्याकाळी बाबांना खाली न्यायचं होतं. गाडीबरोबर आलेली दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. चौथ्या मजल्यावरून निघाले आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर घोडं अडलं. स्ट्रेचर फिरेना. वळणाची जागा तीन फूट, स्ट्रेचर साडेसहा. एका माणसाने पुढची बाजू उचलून बघितली, दुसऱ्याने मागची. कठड्यावरून बाहेर काढून बघितलं. बाबा घसरायला लागले तेव्हा आई किंचाळली, "थांबा!"

शेजारी जमले. कुणी म्हणालं, खुर्ची आणा. कुणी म्हणालं, आता खुर्चीत कसं बसवणार. शेवटी आईने घरातून जाड चादर आणली. बाबांना चादरीत घेतलं, सहा जणांनी कडा धरल्या. वळणावर कुणाचा तरी खांदा भिंतीवर आपटत होता. "सांभाळून, डोकं, डोकं," असं आई प्रत्येक वळणावर म्हणत होती. तिने दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं होतं आणि ती उलटी, मागे न बघता, एकेक पायरी उतरत होती.

ओळंबा सगळ्यांच्या मागे होती. कॉलेजात तिने चार वर्षांत पंधरा तरी जिने काढले होते. पायरीची उंची, रुंदी, कठडा, उजेड, सगळं मोजून. मेलेल्या माणसाला या जिन्यातून कसं नेतील हे तिने एकदाही मोजलं नव्हतं. कुणी मोजायला सांगितलंही नव्हतं.

आठवडाभर घरात माणसांचा राबता होता, मग ओसरला. मशीन परत गेलं. ते जाताच घर इतकं गप्प झालं की आई नळ किंचित चालू ठेवायला लागली.

ओळंबा ज्युरीला गेली. आईनेच धाडली. कागद लावले, मॉडेल मांडलं. बाहेरून आलेले दोघे होते. एकाने छप्पर छान आहे म्हटलं. दुसऱ्याने चौकाच्या नकाशावर पेन ठेवलं.

"हे बाक इतके का? दर आठ मीटरवर? चौकाचा मोकळेपणा सगळा मारला गेलाय."

"अठरा पावलं," ती म्हणाली.

"कुणाची अठरा पावलं?"

"माझ्या बाबांची."

ते गृहस्थ वाईट नव्हते. हसले, समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, घर असतं तर ठीक होतं. सार्वजनिक जागा एका माणसासाठी काढता येत नाही. ती सगळ्यांची असते."

मॅडम तिच्याकडे बघत होत्या. बोल, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ओळंब्याने मान हलवली आणि ती भिंतीवरचे कागद उतरवायला लागली.

उत्तर तिला घरी जाताना बसस्टॉपवर सुचलं. एक बाई पिशवी पायांत धरून खांबाला टेकून उभ्या होत्या. पलीकडे एक माणूस दुकानाच्या पायरीवर बसला होता, दुकानदाराने त्याला उठवलं. एक बाळंतीण बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. ओळंबा तिथेच उभी राहून सगळ्यांना मोजत गेली. मोजून झाल्यावर तिला जाणवलं की हे आता सांगायला कुणी नाही. ज्युरी संपली होती, आणि ज्यांना घरी जाऊन सांगितलं असतं ते नव्हते.

बसस्थानकाला साधारण मार्क पडले. पास झाली.

एक वर्ष ती कॉलेजला गेलीच नाही. एका छोट्या ऑफिसात नकाशे काढायला बसली. जिन्याचं वळण ती दरवेळी चार-सहा इंच वाढवून काढायची, साहेब दरवेळी ते कमी करून द्यायचे. एकदा त्यांनी चिडून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. त्या एका नकाशात त्यांनी वळण तसंच ठेवलं. पुढच्या नकाशात पुन्हा कमी केलं.

वर्षाने मॅडमचा फोन आला आणि ती शेवटच्या वर्षाला परत गेली. शेवटचा विषय आपला आपण निवडायचा असतो. मॅडमना वाटलं होतं ती हॉस्पिटल घेईल, छातीच्या रोगांचं वगैरे. तिने हॉस्पिटलची लाँड्री घेतली.

का घेतली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच झालं होतं, की एका संध्याकाळी आई कामावरून आली, चपला काढल्या आणि तिच्या पायांच्या घोट्यांवर ओळंब्याची नजर गेली. भाजलेल्या भाकरीसारखे फुगलेले. चार वर्षं या घरात सगळं बाबांच्या पावलांनी मोजलं गेलं होतं. आई तेवढी वर्षं रोज आठ तास उभी होती आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

ओळंबा टेप घेऊन पहिल्यांदा आईच्या कामाच्या जागी गेली. तळघर. वाफेने भिंती घामेजलेल्या. एका बाजूने मळक्या चादरी गाठोड्यांनी येत, दुसऱ्या बाजूने घड्या होऊन जात. आई इस्त्रीच्या लांब यंत्रापुढे उभी होती. चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं समोरच्या बाईच्या. दोघी न बोलता पुढे येत, मागे जात.

सुट्टीत दोघी दाराशी उलट्या बादल्यांवर बसल्या.

"आई, तुला इथे काय हवं?"

"मला काय विचारतेस? मी कुठे आजारी आहे?"

"तरी सांग. खिडकी हवी? पंखा? बसायला काही?"

आईने पदराने मान पुसली.

"खिडकी नको," ती म्हणाली. "एक छोटी खोली हवी. ते गेले ना, तेव्हापासून कधीतरी चादर हातात घेतली की एकदम भरून येतं. घरी तू असतेस, तुझ्यासमोर रडवत नाही. इथे बायका विचारतात, काय झालं, काय झालं. बाथरूममध्ये गेलं तर कुणीतरी दार वाजवतं. पाच मिनिटं कुणी विचारायला येणार नाही अशी जागा हवी."

ओळंब्याने वही उघडली.

"किती मोठी?"

"एक माणूस उभं राहील एवढी. दोन नको. दुसरं माणूस आलं की बोलावं लागतं."

"दार?"

"दार हवंच की. आणि कडी आतून."

आत घंटा वाजली. आई गुडघ्यांवर हात टेकून उठली, बादली पायाने भिंतीकडे सरकवली आणि वाफेत दिसेनाशी झाली. ओळंब्याने टेपचं टोक चौकटीला अडकवलं आणि दारापासून मापं घ्यायला सुरुवात केली.